नाटकधंद्याचे बरे आणि वाईट सीझन: तुम्ही बघितलेले सांगा

बाल्कनीतला

मंडळी, जरा लांबण लागेल पण वाचा. परवा शनिवारी दुपारच्या प्रयोगाला पार्ल्याला दीनानाथला गेलो होतो, बाहेर हाऊसफुल्लची पाटी, वड्याच्या रांगेत ही गर्दी, बायको म्हणाली बघ, नाटकाला परत बरे दिवस आलेत. मलाही तसंच वाटलं. सुटल्यावर मागच्या दाराशी आमच्या जुन्या चाळीतला एक ओळखीचा भेटला, कपडेपटाला असतो, टेम्पोत पेट्या चढवत होता. त्याला म्हटलं काय मग, सीझन जोरात दिसतोय. तर म्हणतो कसला जोरात, या महिन्यात अकरा नाईट लागल्या, म्हणजे अकरा प्रयोगांचेच पैसे, गेल्या वर्षी याच महिन्यात एकोणीस होत्या. आता पाटी हाऊसफुल्लची आणि माणसाला काम अकरा दिवस, हे गणित मला कळेना.

घरी येऊन वडिलांना सांगितलं तर त्यांचं सुरू झालं, आमच्या वेळी असं, आमच्या वेळी तसं, काशिनाथ घाणेकरची एन्ट्री आणि पणशीकर आणि फिरता रंगमंच, सत्तरच्या दशकात बुधवार-गुरुवारीसुद्धा थिएटर भरायचं म्हणे. मी मुद्दाम खोडून काढलं की तेव्हाही पेपरात नाटक मेलं म्हणून लेख यायचेच की. त्यावर ते गप्प बसले म्हणजे माझा मुद्दा बरोबर असावा किंवा त्यांची झोपेची वेळ झाली असावी.

तर प्रश्न असा, ज्यांनी हा धंदा जवळून बघितलाय, तिकीट काढून म्हणा किंवा विंगेत उभं राहून म्हणा, त्यांच्या मते व्यावसायिक नाटकाचा खरा चांगला सीझन कुठला होता, सगळ्यात वाईट कुठला, आणि तो तसा का झाला? प्लीज आवडत्या नाटकांच्या याद्या नकोत, त्याचे दोन धागे आधीच आहेत. धंद्याबद्दल बोला.

निवृत्त मॅनेजर

तुमचा कपडेपटवाला खरं बोलतोय. मी २६ वर्षं व्यवस्थापक होतो, जाहिरातीत सगळ्यात खाली बारीक अक्षरात "सूत्रधार" म्हणून जे नाव असतं ना, ते आम्ही. पाटी एका प्रयोगाची असते हो. तुम्ही शनिवारी गेलात म्हणून दिसली, मंगळवारी रात्री गेला असतात तर वॉचमन आणि मांजर. आता धंदाच शनिवार-रविवारचा झालाय, दोन दिवसांत किती नाटकं मावणार, थिएटरं तेवढीच, त्यामुळे चार नाटकं तुफान चालतात आणि बाकीच्यांची माणसं घरी बसतात.

आधी वर्षाचं सांगतो म्हणजे सीझन म्हणजे काय ते कळेल. जून लागला की शाळेची फी, वह्यापुस्तकं, छत्र्या, नाटक झोपतं. श्रावणात थोडं उठून बसतं. गणपतीत मुंबईतली थिएटरं ओस, पण तेव्हा मंडळांचे कंत्राटी प्रयोग असायचे, कोणी बघो न बघो ठरलेला आकडा हातात पडायचा. पितृपक्षात नव्या नाटकाचा नारळ फोडायला कोणी तयार नसतं. दिवाळी म्हणजे सुगी, पाडवा-भाऊबीजेला दिवसाला तीन-तीन प्रयोग, कलाकार मेकअप उतरवतच नसत, तसेच बसमध्ये बसून पुढच्या थिएटरला. मग थंडीत दौरे, कोकण, गोवा, घाटावर. फेब्रुवारी-मार्च परीक्षा, परत शुकशुकाट, आणि मे महिन्यात सकाळी बालनाट्यं जोरात, रात्री बेताचं कारण अर्धी मुंबई गावाला. त्यात २००८ पासून आयपीएल आलं, संध्याकाळचा पुरुष प्रेक्षक दीड-दोन महिने गायब. निवडणूक लागली तर विचारूच नका, तुमची तारीख काढून सभेला देतात.

हे सगळं धरूनच चालतो आम्ही. खरा वाईट सीझन तो जो कॅलेंडरात नसतो. मी बघितलेला सगळ्यात वाईट, लॉकडाऊन सोडून, डिसेंबर ९२ ते मार्च ९३. आधी दंगली, मग जानेवारीत परत दंगली, जरा लोक बाहेर पडायला लागले तर १२ मार्चचे स्फोट. रात्री साडेआठचा प्रयोग सुटणार साडेअकराला, गिरगावातून दादरला येणार कोण आणि परत जाणार कसं. बुकिंगच्या प्लॅनवर पेन्सिलीची रेघ उमटत नव्हती. एका प्रयोगाला मोजून ४३ माणसं होती, त्यांना मी स्वतः जाऊन सांगितलं, पुढे येऊन बसा, म्हणजे कलाकारांना जरा बरं वाटेल. आले बिचारे पुढे. नट मंडळींनी तो प्रयोग इतका जीव तोडून केला की मला विंगेत रडू आलं, हे आज लिहितोय.

आणि गंमत बघा, त्याच १९९३ सालात ऑल द बेस्ट आलं. एक आंधळा, एक बहिरा, एक मुका. एकांकिकेचं नाटक केलेलं, देवेंद्र पेमचं, आणि त्यातले भरत जाधव, अंकुश चौधरी, संजय नार्वेकर तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. बघता बघता थिएटरच्या आवारात कॉलेजची पोरं दिसायला लागली, जी आधी फक्त आईवडिलांबरोबर धरून आणलेली असायची. म्हणजे माझ्या हिशोबात सगळ्यात वाईट आणि सगळ्यात चांगला सीझन एकाला एक लागून आहेत.

पण खरी मेख पुढे आहे. ते चाललं म्हटल्यावर सगळ्यांनी तसलीच नाटकं काढली, तीन पोरं, एक मुलगी, गैरसमज, धावपळ. आमच्या मालकांनीही काढली, एक नाही, दीड वर्षात तीन, आधीच्या नाटकाचा गल्ला घातला तो घातला, वर व्याजाने पैसे उचलले. तिन्ही पडली. रिकाम्या थिएटरने बुडालेला निर्माता मी कमी बघितला, तो बिचारा दहा प्रयोगांत शहाणा होऊन दुकान बंद करतो. हाऊसफुल्लने बुडालेले चिक्कार बघितले.

वन्समोअर

मॅनेजरसाहेबांचा शेवटचा मुद्दा शंभर वर्षं जुना आहे, फक्त नावं बदलायची.

८ जुलै १९२१ घ्या, मुंबईत संयुक्त मानापमानाचा प्रयोग, टिळक स्वराज्य फंडासाठी. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श, म्हणजे धंद्यातले दोन पक्के प्रतिस्पर्धी, एका रंगमंचावर, बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर. त्या काळच्या व्यावसायिक नाटकाचा हा कळस म्हणायचा, लोक गावोगावहून आले होते. आणि तीन महिन्यांच्या आत, ऑक्टोबरात, केशवराव गेले. तिशी नुकती ओलांडलेली. ललितकलादर्श पुढे बापूराव पेंढारकरांनी चालवली ती वेगळी गोष्ट.

गंधर्व मंडळींचं तर सगळ्यांना माहीतच आहे. भरजरी शालू खरे, दागिने खरे, अत्तर खरं, आणि कर्जही खरं. प्रेक्षकाला खोटं दाखवायचं नाही हा हट्ट. चांगल्या सीझनमध्ये हे सगळं शोभून दिसलं. मग १९३१ ला आलम आरा हा बोलपट आला, १९३२ ला मराठीत अयोध्येचा राजा, आणि गावोगावची थिएटरं सिनेमावाल्यांनी घेतली. लोक म्हणतात प्रेक्षक सिनेमाकडे गेला. गेलाच, पण त्याआधी नाटकाच्या पायाखालची जागाच गेली, प्रयोग करायचा कुठे? थिएटरमालकाला रोज तीन खेळांचं भाडं देणारा पडदा मिळाल्यावर तो सत्तर माणसांचं बिऱ्हाड घेऊन येणारी कंपनी कशाला ठेवील. बालगंधर्व स्वतः प्रभात या सिनेमा कंपनीकडे गेले, धर्मात्मा केला १९३५ ला, पुरुष भूमिकेत, एकनाथांच्या, आणि परत नाटकाकडे आले. तोवर उशीर झाला होता.

त्यामुळे माझं मत, सगळ्यात वाईट सीझन १९३० चं दशक. एक वर्ष वाईट जाणं निराळं, तिथे अख्खी कंपनीची पद्धतच मोडली, बिऱ्हाडासकट फिरणं, पगारी नट, कंपनीचं जेवण, सगळं. पुढे १९४१ मध्ये रांगणेकरांनी नाट्यनिकेतन काढली, १९४२ ला कुलवधू आलं, आटोपशीर वेळेचं, घरातल्या बोलण्यासारखं बोलणारं, तेव्हा कुठे धंदा परत चालू लागला असं म्हणता येतं.

(आणि हो, केशवरावांच्या नावाचं कोल्हापूरचं नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, ९ ऑगस्टला त्यांचा जन्मदिवस. विषय नाही, पण राहवलं नाही.)

पासवाला

एवढं काय रडायचं त्यात. चांगलं नाटक असेल तर चालतं, वाईट असेल तर पडतं. दंगली, सिनेमा, आयपीएल, सगळी कारणं. १९६२ च्या ऑक्टोबरात चीनचं युद्ध पेटलं होतं, त्याच महिन्यात दिल्लीत तो मी नव्हेचचा पहिला प्रयोग झाला, त्याच साली रायगडाला जेव्हा जाग येते आलं. दोन्ही वर्षानुवर्षं चालली. नटसम्राट १९७० च्या डिसेंबरात आलं आणि १९७२ ला मुंबईत दूरदर्शन सुरू झालं, टीव्ही आला म्हणून कोणी नटसम्राट बघायचं थांबलं का? टीव्हीने नाटक मेलं म्हणणाऱ्यांना हे विचारा.

लालबागकर

पासवाले, तुमचं नाव बघूनच कळलं तिकीट कधी काढलं नाहीत :)

चांगलं नाटक चालतं हे खरं, पण बघणाऱ्याच्या खिशात पैसा असला तर. आमच्याकडचं सांगतो. माझे वडील गिरणीत. वस्त्रहरण आलं १९८० ला, मच्छिंद्र कांबळींचं, गवाणकरांनी लिहिलेलं. सुरुवातीला ते काही धो धो चाललं नव्हतं, मालवणी कोण बघणार असंच होतं, मग पु. लं.नी कौतुक केलं आणि गाडी सुटली ती सुटलीच. पण आमच्या लालबाग-परळात ते कोणी कौतुक करायची वाट बघत नव्हतं, ते आमच्याच भाषेत होतं, तात्या सरपंच आमच्या खोलीच्या बाजूलाच राहायचा म्हणा ना. वडील सांगतात गिरणीचा पगार झाला की त्या शनिवार-रविवारी तिकिटं मिळत नसत, खात्यातली पंधरा-वीस माणसं मिळून एक जण जाऊन रांग लावायचा.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखाच्या आसपास कामगार एका दिवशी बिनपगारी. आधी वाटलं महिन्याभरात मिटेल. मिटला नाही. आमच्या घरात नाटकाचा विषयच बंद झाला, आईने तर पेपरातलं जाहिरातींचं पान वाचणंही सोडलं होतं, कशाला जीव जाळा म्हणायची. कितीतरी जण गावाला गेले ते परत आलेच नाहीत. आता मला सांगा, त्या साली आलेलं एखादं नाटक पडलं असेल तर ते वाईट होतं का? ते बघणारा माणूस शहरातून उठून गेला होता.

आणि त्याच्या पुढच्याच वर्षी, १९८३ ला, टूरटूर आलं आणि जोरात चाललं. बघणारे मात्र वेगळे होते, दादर-पार्ले-ठाणे-डोंबिवलीचे, नोकरदार. धंद्याचा सीझन चांगलाच म्हणायचा, आमचा नाही.

पासवाला

@लालबागकर, हा मुद्दा लक्षात नव्हता आला. पास मला ऑफिसातून मिळायचे, त्यात माझा काय दोष.

एकदाच निर्माता

मॅनेजरसाहेबांनी लिहिलंय ना, दहा प्रयोगांत शहाणा होऊन दुकान बंद करणारा, तो मी. मला सतरा लागले.

आमचा हौशी ग्रुप, राज्य नाट्य स्पर्धेत वर्षानुवर्षं नाटक करणारा. एका वर्षी बक्षीस मिळालं, सगळे म्हणाले हे व्यावसायिकला आणलंच पाहिजे. मी नोकरीत, जरा पैसे साठलेले, बायको हो म्हणाली (नंतर कबूल केलं की हो म्हणायला नको होतं). एक नाव असलेला नट घेतला, बाकी आपलीच मुलं. नेपथ्य नवीन केलं कारण स्पर्धेतला सेट दौऱ्याच्या टेम्पोत बसेना. हे मला माहीतच नव्हतं, सेट टेम्पोच्या मापाने करायचा असतो, नाटकाच्या नाही.

मग तारखा. थिएटरच्या तारखांचं वाटप तीन-तीन महिन्यांचं होतं, शनिवार-रविवार जुन्या संस्थांना, नव्याला मंगळवार सकाळ मिळाली तरी देवाला नारळ. एका जुन्या निर्मात्याने मेहेरबानी म्हणून त्याच्या काही तारखा दिल्या. शुभारंभ ऑक्टोबर २०१६. पहिले तीन प्रयोग फुल्ल. मी हवेत. घरी हाऊसफुल्लच्या पाटीचा फोटो फ्रेम करायला टाकला. आता कळतं की पहिले तीन प्रयोग आपल्या मामा-मावश्यांचे, शाळेतल्या बॅचचे आणि नटाच्या सोसायटीवाल्यांचे असतात. नाटकाचा स्वतःचा प्रेक्षक चौथ्या प्रयोगापासून सुरू होतो.

आमचा चौथा प्रयोग होता शनिवार १२ नोव्हेंबर २०१६. ज्यांना तारीख बघून काही आठवत नाही त्यांच्यासाठी, मंगळवारी ८ नोव्हेंबरला रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या. खिडकीवरचं बुकिंग रोखीचं. क्लार्क जुनी नोट घेईना, लोकांकडे नवी नाही, शंभराच्या नोटा जपून ठेवलेल्या, त्या नाटकाला कोण देतो. ऑनलाईन होतं पण आमच्यासारख्या नाटकाला तिथे कोण शोधायला जातंय. ऐंशी-नव्वद माणसं आली असतील. जाहिरातीचे पैसे आधीच भरलेले, नटाची नाईट ठरलेली, बॅकस्टेजवाल्यांना तर रोखच द्यायचे, त्यांचे हात थांबवता येत नाहीत. एटीएमच्या रांगेत आमचा दिग्दर्शक उभा होता, साडेसात वाजता, साडेआठचा प्रयोग सोडून.

पुढे तेरा प्रयोग ओढले. नाटक सुधारत गेलं, खरंच, अकराव्या-बाराव्या प्रयोगाला ते असं बसलं होतं की काय सांगू, आणि बघायला कोणी नाही. सेट एका गोडाऊनला ठेवला, दर महिन्याला भाडं, दीड वर्षाने एका शाळेला गॅदरिंगसाठी देऊन टाकला. फ्रेम केलेला फोटो अजून कपाटाच्या मागे आहे.

नोटाबंदी नसती तर चाललं असतं का? खूप दिवस मी हो म्हणायचो. आता वाटतं पन्नासएक प्रयोग झाले असते आणि मी उरलेली एफडी मोडून दुसरं नाटक काढलं असतं. म्हणजे मॅनेजरसाहेब म्हणतात तसा, हाऊसफुल्लने बुडालेल्यांत गेलो असतो. स्वस्तात सुटलो.

वडसा लाईन

मुंबई-पुण्याच्या बाहेरपण नाटक होते जी. कोणी लिहितच नाही म्हणून लिहितो.

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, सीझन कॅलेंडरवर नाही, धानावर चालतो. धान कापून झालं, हातात पैसा आला, दिवाळीच्या भाऊबीजेपासून मंडई, म्हणजे गावची जत्रा, सुरू, की नाटक सुरू. होळीपर्यंत. वडशाला या कधी, देसाईगंज म्हणतात कागदावर, तिथे कंपन्यांची ऑफिसं लायनीत, गावातले मंडळाचे लोक येतात, बोर्ड वाचतात, कोण हिरोईन आहे, कॉमेडी कोणाची, भाव ठरवतात, तारीख घेऊन जातात. रात्री नऊ-दहाला सुरू आणि पहाटे चार-पाचला सुटते. कंपनीला ठरलेला भाव, तिकीट गावचं मंडळ विकते, उरलं तर गावाचं. रिकाम्या थिएटरची भीती कंपनीला नाही, मंडळाला.

आमचा वाईट सीझन म्हणजे अवकाळी. धान कापून बांधीत पडलं आहे आणि वरून पाऊस. त्या वर्षी मंडळवाले येतात, चहा पितात, तारीख न घेता जातात. दुसरं म्हणजे शंकरपट, बैलांची शर्यत. बैलांचा पट असला की चार गावचे पाहुणे येतात, पाहुणे आले की रात्री नाटक लागतेच. २०१४ ला शर्यतीवर कोर्टाची बंदी आली तर नाटकाला काय फरक पडते असं शहरात वाटेल. पडला ना, जिथे पट गेला तिथे नाटकाची रात्रपण गेली. २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली तेव्हा आमच्याकडे बैलवाल्यांपेक्षा नाटकवाले जास्त नाचले.

२०२३ ला परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली झाडीपट्टीच्या कामासाठी, त्या वर्षी मुंबईच्या चॅनलवाल्यांना आमचा पत्ता सापडला.

बाल्कनीतला

@वडसा लाईन, हे अजिबात माहीत नव्हतं. पहाटे पाचपर्यंत? आणि सकाळी लोक कामाला जातात?

वडसा लाईन

धान तर कापून झालं आहे, काम कोणतं? झोपतात.

क्लिक अँड बुक

वरचे सगळे माझ्यापेक्षा मोठे आहेत त्यामुळे जपून लिहिते. मी एका नाटकाचं सोशल मीडिया आणि ऑनलाईन बुकिंग बघते, पाच वर्षं झाली, म्हणजे माझा जन्मच वाईट सीझनमधला. २०२० च्या मार्चमध्ये थिएटरं बंद झाली, ५ नोव्हेंबरला पन्नास टक्क्यांवर उघडली, २०२१ च्या एप्रिलमध्ये परत बंद, २२ ऑक्टोबरला परत पन्नास टक्के. पन्नास टक्के खुर्च्या म्हणजे काय, तर पाटी हाऊसफुल्लची लावता येते आणि तोटा पक्का. थिएटरचं भाडं, डिझेल, नाईट हे काही निम्मं होत नाही. आमच्या बॅकस्टेजच्या एका काकांनी त्या दीड वर्षात भाजी विकली, एक जण गावाला रिक्षा चालवायला गेला तो तिकडेच राहिला. रेशनची किटं वाटली जायची, रांगेत तोंड लपवून उभे राहायचे, ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना राजाचे कपडे चढवले ते.

त्यानंतर मात्र लोक खरंच परत आले. १९९१ चं चारचौघी २०२२ मध्ये नव्या संचात आलं आणि गर्दी झाली, देवबाभळीला पोरीपोरी ग्रुपने यायच्या, त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला प्रशांत दामलेंचा १२,५०० वा प्रयोग षण्मुखानंदला झाला, एवढं मोठं सभागृह आणि तिकिटं संपलेली. हे मी बघितलंय त्यामुळे नाटक संपलं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

पण मॅनेजरकाका म्हणतात ते शनिवार-रविवारचं, त्याचं कारण प्रेक्षकापेक्षा आम्ही नाटकवालेच जास्त आहोत. १९९९-२००० पासून मराठी चॅनल आली, नट दिवसा सिरियलला. शूटिंग सुटणार रात्री, लोकेशन लांब, त्यामुळे मधल्या वारी प्रयोग लावायचा तर नटाची तारीखच नाही. प्रेक्षक बुधवारी यायला तयार आहे का हे आम्ही गेल्या कित्येक वर्षांत नीट विचारलेलंच नाही. आणि नाव असलेला नट नको म्हणावं तर बुकिंग उघडल्यावर पहिल्या तासात फोटो बघूनच तिकीट काढलं जातं, ते मला स्क्रीनवर दिसतं.

अजून एक, तिकीट. नाटकाच्या तिकिटाला पाचशे रुपयांपर्यंत जीएसटी नाही, त्याच्या वर गेलं की १८ टक्के. म्हणून पहिल्या रांगा पाचशेला येऊन अडकतात. डिझेल वाढो, भाडं वाढो, वरचा आकडा हलत नाही. मग निर्माता काय करतो, खालची तिकिटं वर ढकलतो. बाल्कनी महाग होते. म्हणजे @बाल्कनीतला तुमच्यावरच येतं शेवटी.

बाल्कनीतला

अरे हो! परवा बाल्कनीला तीनशे दिले तेव्हा मी बायकोला म्हटलंच की हे जरा जास्त होतंय.

सगळ्यांचे आभार. वडिलांना हा धागा वाचून दाखवला. सत्तरच्या दशकाबद्दल ते अजून हटत नाहीत, पण लालबागकरांचं वाचल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, आपण ८२-८३ मध्ये कुठलं नाटक बघितलं आठवतंय का तुला? मी तेव्हा चार वर्षांचा. म्हटलं नाही. म्हणाले मलाही नाही आठवत, बघितलंच नसेल. ते गिरणीत नव्हते, गिरणीला माल पुरवणाऱ्या दुकानात होते.

मॅनेजरसाहेब, एक शेवटचं. त्या कपडेपटवाल्याला मी काय सांगू? परत भेटेल तो.

निवृत्त मॅनेजर

सांगायचं काय त्यात. त्याला विचारा लग्नसराईत काम करतोस का. नऊवारी, फेटे, पगड्या, धोतरं भाड्याने देणारे चार जण माझ्या ओळखीचे आहेत, त्यांना घाईत नीट नेसवणारा माणूस मिळत नाही, आणि नाटकवाल्याचा हात अंधारात दीड मिनिटात नऊवारी चढवतो. पावसाळा संपला की त्यांना माणसं लागतात. मला मेसेज करा, नंबर देतो. फक्त त्याला म्हणावं दिवाळीच्या तारखा तिकडे अडकवू नकोस, पाडव्याला तीन प्रयोग लागले तर तिथे कोण उभं राहणार.